ठाण्यातील अंतर्वस्त्र विक्रेत्यांना खुलं पत्र: ब्रा घालून बघू द्या

प्रति,
ठाणे शहरात अंतर्वस्त्रं विकणारे सर्व दुकानदार आणि त्यांच्या व्यापारी संघटना

सप्रेम नमस्कार.

मी पाचपाखाडीत ब्लाउज शिवते. माझ्याकडे येणाऱ्या बायका नौपाडा, चरई, उथळसर, खारकर आळी इथल्या. हल्ली घोडबंदर रोडवरूनही बऱ्याच येतात. तुमचा आणि माझा धंदा एकमेकांना चिकटून आहे. तुमच्या दुकानातून घेतलेल्या ब्रावर माझा ब्लाउज बसतो. म्हणून हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण काउंटरवर उभं राहून हळू आवाजात सांगून पाहिलं, त्याने काही हललं नाही.

निमित्त एका पाटीचं. स्टेशनजवळच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानात मागच्या बाजूला पडदा लावलेली छोटी ट्रायल रूम होती. माझ्याकडच्या बायकांना मी कागदावर माप लिहून तिकडेच पाठवायचे. या लग्नसराईच्या तोंडावर ती ट्रायल रूम बंद झाली. तिथे आता मालाची खोकी रचलेली आहेत आणि काउंटरवर पाटी आहे: "ब्रा-निकर ट्रायल नाही. विकलेला माल कोणत्याही कारणाने बदलून मिळणार नाही." मी विचारलं तेव्हा मालक सभ्यपणे म्हणाले, "ताई, सगळ्या बाजारात हेच आहे, आम्हीच मागे राहिलो होतो." त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच हे पत्र त्या एका दुकानाला नाही, तुम्हा सगळ्यांना आहे.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगते. ब्लाउजचं माप घेताना बाईच्या अंगावर ढिली ब्रा असेल तर उभार खाली असतो आणि खांद्यापासून टक्स पॉइंटचं, म्हणजे छातीच्या सगळ्यात उंच बिंदूपर्यंतचं, माप इंचभर जास्त येतं. त्याच मापाने मी कटोरी, म्हणजे ब्लाउजचा छातीवरचा गोल भाग, कापते. मग लग्नाच्या दिवशी ती नवीन, घट्ट ब्रा घालते. कटोरी खाली रिकामी लोंबते, मुंढ्यात चुण्या पडतात, पाठ वर उचलली जाते. दोष ब्लाउजला लागतो. उसवून पुन्हा शिवण्याची मजुरी मी मागू शकत नाही. पण ब्लाउज उसवता येतो, त्याचं मी निभावून नेते.

माप घेताना मला जे दिसतं, ते निभावत नाही. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल, काळपट वळ. बरगडीवर तार रुतून पडलेला डाग. काखेजवळ कपाच्या बाहेर दाबला गेलेला छातीचा भाग, ज्याला ती बाई स्वतःच्या अंगावरची चरबी समजत असते. पाठीवर कमानीसारखी वर चढलेली पट्टी. संध्याकाळी मान धरते, खांदे भरून येतात, घरी आल्याबरोबर आधी हुक काढावासा वाटतो, हे मला जवळजवळ प्रत्येक जण सांगते. आणि पुढे म्हणते, "माझं अंगच तसं आहे, मला काहीच बसत नाही." चांगल्या शिकलेल्या, बँकेत, शाळेत, इस्पितळात काम करणाऱ्या बायका हे बोलतात. त्यांच्या अंगात काहीही खोट नाही. त्यांना चुकीच्या मापाची वस्तू विकली गेली आहे, आणि घालून बघायची सोय नसल्याने दुकानातच ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार मापाची आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. तुमच्या दुकानात शिरलं की एकच प्रश्न येतो: "नंबर काय?" बाई म्हणते चौतीस. समोर चौतीसचे तीन-चार बॉक्स येतात. कप कुणी विचारत नाही. टेप बहुतेक दुकानांत नसतेच. काही ठिकाणी तर काउंटरवरचा माणूस नजरेनेच ठरवतो की हिला छत्तीस लागेल. ब्राचं माप दोन आकड्यांचं असतं हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे: छातीच्या खालचा घेर आणि छातीच्या भरीव भागावरचा घेर. पहिल्यावरून पट्टीचा, म्हणजे छातीखालून पाठीमागे जाणाऱ्या पट्ट्याचा, नंबर ठरतो, दोन्हींतल्या फरकावरून कप. फक्त चौतीस सांगून ब्रा देणं म्हणजे फक्त लांबी विचारून चप्पल देण्यासारखं आहे.

त्यात हा नंबर सगळ्या कंपन्यांत एकसारखा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात ३४ या नंबरापुढे छातीखालचा घेर ७३ ते ७७ सेंटिमीटर लिहिलेला असतो, म्हणजे साधारण २९ ते ३० इंच. चौतीस इंचांचा तिथे काही संबंध नाही. काही कंपन्या मात्र घेराचे इंच जसेच्या तसे नंबर म्हणून धरतात. एक उदाहरण घ्या. एखाद्या बाईचा छातीखालचा घेर ३२ इंच आणि वरचा ३७ इंच आहे. छातीखालच्या घेरात चार इंच मिळवण्याच्या जुन्या हिशेबाने पट्टी ३६ येते, फरक एकच इंच उरतो आणि ती ३६-ए होते. घेर आहे तसाच धरला तर फरक पाच इंचांचा येतो आणि ब्रिटिश पद्धतीने (ए, बी, सी, डी, डीडी, दर इंचाला एक) ती ३२-डीडी होते. बाई एकच, टेप एकच, आणि दोन्ही पद्धतींचे बॉक्स तुमच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असू शकतात. दुकानात तिच्या हातात शेवटी पडतो ३६-बी, कारण तो सगळ्यात जास्त खपतो आणि म्हणून तोच शिल्लक असतो.

ए, बी, सी, डी ही कपाची अक्षरं अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प अँड कंपनीने १९३२ साली वापरात आणली. नव्वद वर्षं होऊन गेली. आपल्या बाजारात आजही बऱ्याच बायकांना स्वतःचं अक्षर माहीत नसतं, कारण त्यांना ते कधी कुणी विचारलेलंच नसतं.

यातूनच पुढची चूक होते. चौतीस संपला की तुमच्या काउंटरवरची मुलगी म्हणते, "छत्तीस घ्या, एकच आहे." एकच नाही. कपाचा आकार पट्टीच्या नंबराबरोबर बदलतो. ३४-सी बसणाऱ्या बाईला पट्टी एक नंबर मोठी दिली तर कप एक अक्षर खाली यायला हवा, म्हणजे ३६-बी. पट्टी लहान केली तर कप वर, म्हणजे ३२-डी. या तिन्ही ब्रांच्या कपात मावणारा भाग सारखाच असतो. तुम्ही ३४-सीच्या जागी ३६-सी देता, मग पट्टीही ढिली आणि कपही मोठा. पट्टी ढिली झाली की सगळं ओझं खांद्यांवर येतं. ब्रा छातीला खालून, पट्टीने धरते. खांद्याच्या पट्ट्यांचं काम फक्त कप जागेवर ठेवण्याचं. माझ्याकडच्या बायकांच्या खांद्यांवरचे वळ इथून आलेले आहेत.

म्हणूनच मला कोणता हिशेब खरा आणि कोणता खोटा या वादात पडायचं नाही. टेपने सुरुवात होते. पुढचं सगळं घालून बघितल्यावरच कळतं. बाहेरच्या, सगळ्यात ढिल्या हुकावर नवी ब्रा नीट बसली पाहिजे, कारण धुऊन धुऊन इलॅस्टिक सैल पडतं आणि आतले हुक तेव्हासाठी असतात. पट्टी पुढून-मागून एका पातळीत राहिली पाहिजे आणि तिच्याखाली दोन बोटं जाण्याइतकीच जागा हवी. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तार असेल तर ती बरगडीवर बसावी, छातीवर चढू नये. पुढे वाकून दोन्ही बाजूंचा भाग हाताने कपात नीट घ्यायचा, मग उभं राहून हात वर करायचे, बसून बघायचं. हात वर केल्यावर पट्टी सरकली तर माप चुकलं. बहुतेक बायकांच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. मोठ्या बाजूला बसेल असा कप घ्यावा लागतो. फोमच्या साच्यातल्या पॅडेड ब्रामध्ये तर हे आणखी बघावं लागतं, कारण तो कप आपल्याप्रमाणे वळत नाही. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. बॉक्सवरचा फोटो बघून यातलं काहीच समजत नाही.

दुसरी तक्रार ट्रायलची, आणि ती खरं तर वर आलीच. फक्त एवढंच विचारते: शेजारच्या दुकानात पुरुषाला पँट घालून बघता येते. तुमच्याच दुकानात कुर्ती घालून बघता येते. ज्या कपड्याचं माप सगळ्यात अवघड, तोच एक कपडा न बघता घ्यायचा, हा नियम कुणाच्या सोयीचा आहे?

तिसरी तक्रार मालाची. ३४ आणि ३६, बी कप, काळा-पांढरा-कातडी रंग. याच्या अलीकडे-पलीकडे गेलं की "कंपनीच बनवत नाही" असं उत्तर मिळतं. कंपन्या बनवतात. तुम्ही मागवत नाही. बारीक चणीच्या मुलीला तीस लागतो, तिला बत्तीस देऊन शेवटच्या हुकावर लावायला सांगितलं जातं. भरलेल्या अंगाच्या बाईला डी किंवा त्यापुढचा कप लागतो, तिला चाळीस-बेचाळीस नंबर दिला जातो आणि वर "याच्यातच ॲडजस्ट होईल" म्हणतात. होत नाही.

चौथी तक्रार करताना मला खरंच त्रास होतो. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच तुमच्या काउंटरवरून रिकाम्या हाताने परत जातात. ठाण्याहून परळच्या टाटा रुग्णालयात उपचाराला जाणाऱ्या बायका आहेत. छातीची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना आत खिसा असलेली, बिनतारेची, मऊ कापडाची ब्रा लागते; त्या खिशात सिलिकॉनचा किंवा कापडाचा कृत्रिम भाग बसवतात. माझ्याकडे अशा बायका येतात. मी साध्या सुती ब्राला आतून मलमलचा खिसा शिवून देते आणि त्याचे पैसे घेत नाही. पण खिसा शिवायला आधी बसणारी ब्रा तर हवी. टाक्यांची जागा दुखत असते, किरणोपचाराने कातडी नाजूक झालेली असते. अशा बाईने पाच लोकांसमोर काउंटरवर काय सांगायचं? एकीला तर दुकानात मोठ्याने विचारलं, "एकाच बाजूचं पॅड पाहिजे का?" विचारणाऱ्या मुलीच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती बाई त्यानंतर कुठल्याच दुकानात गेली नाही.

बाळंतिणींचंही तसंच. गरोदरपणात आणि दूध येऊ लागल्यावर माप बदलत राहतं, एकदा घेतलेली ब्रा महिन्या-दोन महिन्यांत बसेनाशी होते. घट्ट ब्राने छाती दाबली गेली तर दूध कोंडून गाठ होऊ शकते. त्यांना पुढून उघडणारी, बिनतारेची ब्रा योग्य मापात द्यायला हवी. आणि मुली. दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सकाळी धावायला येणाऱ्या, शाळेत कबड्डी खेळणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी. त्यांची पहिली ब्रा आई अंदाजाने आणते, कारण मुलीला घेऊन दुकानात जायचं तर तिथे बघायला जागाच नाही. धावताना त्रास होतो म्हणून खांदे पुढे घेऊन चालणारी, मग मैदानावर जायचंच बंद करणारी मुलगी मी माझ्याच चाळीत पाहिली आहे. तिच्या आईला मी स्पोर्ट्स ब्रा शोधायला सांगितलं. ठाण्यात फिरून तिला एस, एम, एल असे तीन आकार मिळाले, आणि तेही घालून बघता आले नाहीत.

पाचवी तक्रार बदलून देण्याची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. दुसऱ्या धुण्यात तार कापड फाडून बाहेर आली, हुकाची शिवण सुटली, तर तो सदोष माल आहे. "कोणत्याही कारणाने बदलून मिळणार नाही" ही पाटी त्याच्यापुढे टिकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि मी तो माझ्या दुकानात लावला आहे. माप चुकलं म्हणून बदलून देणं या तरतुदीत बसत नाही, हे मला कळतं. पण माप चुकू नये याची सोयही तुम्ही करत नाही, मग चुकीचा सगळा भुर्दंड तिनेच का सोसायचा?

एक गोष्ट आठवते. २०१३ साली शेजारच्या मुंबई महापालिकेच्या सभागृहात अंतर्वस्त्रं घातलेले दुकानातले पुतळे हटवण्याचा ठराव मंजूर झाला होता. किती चर्चा, किती बातम्या. पुतळ्यांच्या अंगावरच्या ब्रावर सगळं शहर बोललं. जिवंत बाईच्या अंगावर ती नीट बसते का, यावर तेव्हाही कुणी बोललं नाही आणि अजून बोलत नाही.

तुमच्याही अडचणी आहेत आणि मी त्या मानते. जांभळी नाक्यापासून गोखले रोडपर्यंत गाळ्याचं भाडं काय आहे हे मीही भरते, म्हणून जाणते. घालून बघितलेला माल मळतो, पावडर-घामाचे डाग पडतात, मग तो विकला जात नाही. हायजीनचा प्रश्न खरा आहे. पण त्याला उपाय आहेत. प्रत्येक मापाचा एकेक नग फक्त ट्रायलसाठी वेगळा ठेवा आणि धुऊन वापरा. विकायचा नग पाकिटातच राहील. किंवा पातळ सुती स्लिपवरून घालून बघू द्या, मापाचा अंदाज त्यातही नीट येतो. कंपन्यांच्या एजंटांकडे ट्रायलचे नग मागा. तुम्ही एकेकटे मागितले तर ते देणार नाहीत, संघटनेने मागितले तर देतील. जागा म्हणाल तर तीन फूट बाय तीन फूट पुरते. पडदा नको, आतून कडी लागणारं दार हवं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक दुकानात एक तरी ट्रायलची जागा परत सुरू करा. तिथे आरसा, कडी, उजेड आणि पिशवी अडकवायला खुंटी असू द्या. दाराबाहेर ठळक लिहा की आत कॅमेरा नाही. बायकांना ही भीती असते आणि ती उगाच नाही. चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, हेही तिथेच लिहा.

काउंटरवर टेप ठेवा आणि माप घ्यायला बाईच असू द्या. विचारल्याशिवाय हात लावू नये, आकडा मोठ्याने न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावा. कळवा, मुंब्रा, दिव्याहून गाडीने येऊन दिवसभर उभ्या राहणाऱ्या तुमच्या मुलींना हे शिकवा आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. ही कारागिरी आहे.

विकताना नंबर आणि कप दोन्ही विचारा. ज्या कंपन्यांचा माल ठेवता त्यांचे सेंटिमीटरचे तक्ते मराठीत भिंतीवर लावा, म्हणजे बाई घरून माप घेऊन आली तरी तिला स्वतः बघता येईल.

तीसपासून बेचाळीसपर्यंत पट्टी आणि ए पासून निदान डीडीपर्यंत कप मागवा. प्रत्येक दुकानाला सगळं जमणार नाही. मग आपसांत वाटून घ्या, आणि तुमच्याकडे नसेल तर ते कुणाकडे आहे हे गिऱ्हाइकाला सांगा.

खिशाच्या ब्रा, बाळंतिणींच्या ब्रा आणि मुलींच्या पहिल्या ब्रा यांच्यासाठी आठवड्यातली एक दुपार ठेवा. त्या वेळी काउंटरवर फक्त बायका असाव्यात. त्या दुपारी विक्री कमी झाली तरी चालेल असं मनाशी धरा.

पाकीट उघडलं असलं तरी लेबल तसंच असेल आणि वापरलेली नसेल, तर सात दिवसांत माप बदलून द्या. आणि "कोणत्याही कारणाने" हे शब्द पाटीवरून काढा.

तुमच्या मुलींना माप घ्यायला शिकवण्याचं काम मी करीन, फुकट. मंगळवारी दुपारी माझं शिवणकाम बंद असतं. दुकानातल्या दोघी-तिघींना टेप घेऊन पाठवा, माझ्याकडच्या काही जणी स्वतःवर माप घेऊ द्यायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. जे दुकान ट्रायल सुरू करेल त्याचं नाव मी माझ्या दारावर लावीन आणि लग्नसराईतल्या सगळ्या नवऱ्या मुलींना तिकडेच पाठवीन. ट्रायल रूम बंद केलेल्या त्या जुन्या दुकानाचं नाव त्या यादीत पहिलं असावं असं मला मनापासून वाटतं, कारण इतकी वर्षं त्यांनी ती चालवली होती.

संघटनेने दिवाळीच्या खरेदीआधी एक बैठक घ्यावी आणि मला बोलवावं. मी टेप घेऊन येईन.

आपली,
पाचपाखाडीतली ब्लाउज शिवणारी एक ताई